पाण्याला पावणं म्हणणारे आमचे साहेब

आमच्या साहेबांना कुणी पत्ता विचारला की ते डावीकडे-उजवीकडे असं काही सांगत नसत, उतार सांगत. एकदा राजारामपुरीत एका रिक्षावाल्यानं त्यांना कुठलासा दवाखाना विचारला. साहेबांनी स्कूटर स्टँडला लावली, रस्त्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्या गल्लीचं पाणी जिकडं जातंय तिकडंच जावा. म्होरं चौकात पाणी डाव्या अंगाला वळतंय, तितंच हाय."

रिक्षावाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "पावणं, मे महिना चाललाय. पाणी कुठाय?"

"पाणी नसलं म्हणून त्याची वाट बदलती व्हय?" साहेब म्हणाले.

रिक्षात मागे बसलेल्या आजारी बाई कण्हायचं थांबवून हसायला लागल्या. मी शेजारीच उभी होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी तेव्हा कृषी खात्यात सहायक म्हणून नवी नवी लागले होते आणि ते आमचे पर्यवेक्षक होते. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. अंगानं काटकुळे, आवाज मात्र दांडगा. पँट बारा महिने पोटरीपर्यंत दुमडलेली, अगदी जिल्ह्याच्या बैठकीलासुद्धा. आमचं काम म्हणजे कळंब्याच्या पलीकडच्या डोंगरउतारावरच्या गावांचे आराखडे करायचे. कुणाच्या रानात बांध घालायचा, कुठे चर खणायचे, कुठे शेततळं बसेल, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणी मुरेल. सरकारी जमिनीवर हे सोपं असतं. खासगी रानात मात्र एक टिकाव मारायचा तरी मालकाची संमती लागते. आणि आमच्याकडचा माणूस एक वेळ किडनी काढून देईल, पण बांधाची वीतभर माती देणार नाही.

साहेब पाण्याला पावणं म्हणत. गावात शिरलं की पारावर बसलेल्या लोकांना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पावणं कुठनं येत्यात आनी कुठनं जात्यात?" नवख्या माणसाला वाटायचं, हा कुणाच्या लग्नाची बोलणी करायला आलाय. मग साहेब त्याला समजावत. पाऊस म्हणजे पाहुणा. त्याला दारातून हाकलायचं नाही आणि सरळ माजघरातही घुसू द्यायचं नाही. कट्ट्यावर बसवायचं, चहापाणी करायचं आणि मग रीतसर वाटेला लावायचं. "बसायला दिलं न्हाय तर पावणा जाताना घरातली भांडी घिऊन जातोय," असं ते म्हणत. भांडी म्हणजे माती. हे प्रवचन मी शंभरदा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी त्यांना वाटायचं की मी ते पहिल्यांदाच ऐकतेय.

दुसरं खूळ सहीचं. बाकीचे पर्यवेक्षक ग्रामपंचायतीत बसून चहाच्या एका फेरीत तीस संमतीपत्रं गोळा करत. साहेबांना ते पसंत नव्हतं. मालकाची सही मालकाच्या रानातच व्हायला पाहिजे, तीही त्याच्या बांधावर उभं राहून. एकेका सहीसाठी आम्ही डोंगर चढायचो. ते मालकाला सगळी आखणी पायानं चालायला लावत आणि मगच पेन हातात देत. छापील अर्जावर 'लाभार्थी' हा शब्द दिसला की तो खोडून 'मालक' लिहीत. "लाभ कुणाला हाय मॅडम? त्येंच्या रानात फिरून आपली चूल पेटती," म्हणत. वरून अर्ज परत आला की माझ्याकडे ढकलत. मी निमूटपणे पुन्हा 'लाभार्थी' लिहून पाठवायची.

मला त्यांचा राग यायचा, हे खोटं कशाला सांगू? बाकीच्यांची उद्दिष्टं डिसेंबरात पूर्ण व्हायची, आमची मार्च संपला तरी रेंगाळलेली. उचगावला घरी आल्यावर मी नवऱ्यासमोर त्यांच्या नकला करायची. एका आढावा बैठकीत तर त्यांनी कहरच केला. तालुक्याचे नवे साहेब म्हणाले, वरच्या अंगाला मशीन चढायला त्रास होतो, तर आधी खालची शेततळी उरकून घ्या आणि आकडा पूर्ण करा. आमचे साहेब उठले. समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि शांतपणे टेबलाच्या एका टोकाला ओतला. पाणी सरळ घरंगळत जाऊन नव्या साहेबांच्या फायलीखाली शिरलं. "वर आडीवलं न्हाय म्हणून खाली आलं," एवढं बोलून ते बसले. चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, 'टेबल समपातळीत नव्हते.' तो कागद टाइप करून मीच नेऊन दिला. जिना उतरताना हसू आवरेना, म्हणून कठड्याला धरून उभी राहिले. त्यांच्यावरचा माझा निम्मा राग त्या दिवशी गेला.

उरलेला निम्मा कसा गेला, ते सांगते.

त्या उन्हाळ्यात एका गावातलं शेवटचं काम राहिलं होतं. वरच्या अंगाला अण्णांचं दीड एकर रान. अण्णा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथं शेती करणाऱ्या जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे होणारे. बोलायला लागले की समोरच्या टेकडीवर ऐकू जाई. त्यांच्या खाली रत्नाआक्काचं वीस गुंठ्यांचं रान. तिच्या सासऱ्यानं उभा जन्म दुसऱ्याच्या रानात राबून ते घेतलं होतं. त्याच रानाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात तिचं घर होतं. दारावर निळ्या रंगात 'जय भीम' लिहिलेलं, पुढे ओटा, कडेला कढीपत्ता. आराखड्याप्रमाणे अण्णांच्या रानाच्या खालच्या कडेला एक लांब बांध घालायचा होता. जास्तीचं पाणी बाहेर जायला त्याच्या पूर्वेच्या टोकाला सांडवा ठेवायचा, म्हणजे ते आक्काच्या घरापासून लांब, ओढ्यात पडेल. बांधाची थोडी माती आक्काच्या हद्दीत येत होती, म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या.

सातबारा आक्काच्या नवऱ्याच्या नावावर होता. तो एका कारखान्यात पाळीला जायचा. रविवारी त्याला बोलावून साहेबांनी बांधावर उभं केलं. "मालक, पावणं कुठनं जात्यात हितनं?"

"जात्यात की आसंच, खाली," तो घड्याळाकडे बघत म्हणाला आणि सही करून गेला. आक्का पलीकडे वाकून धसकटं वेचत होती. तिच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

नंतर ती माझ्याकडे आली. "मॅडम, वरचं समदं पाणी तुमी माझ्या डोस्क्यावर आडवून धरणार. फुटलं म्हंजे?"

"फुटत नसतं आक्का. एक थेंब तुमच्या दारात येणार नाही. माझा शब्द."

"तसं न्हाय, पर हितनं..." ती हात करून काहीतरी दाखवायला लागली. मी तेव्हा मोबाइलवर जागेचा फोटो काढत होते. तो खात्याच्या ॲपवर नीट चढला नाही तर काम मंजूरच होत नाही. "हो, हो," म्हणत मी पुढे गेले.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि आखणी माझ्यावर आली. आखणीचं आमचं साधन म्हणजे खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं की दोन्ही जागा समपातळीत. तिथं चुन्याची फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं. साहेब ती नळी भरायला तास घ्यायचे. उंच धरायचे, टिचक्या मारायचे, पोराला ढेकर काढायला लावावा तसं तिला थोपटायचे. मला भर उन्हात तेवढा धीर नव्हता. मी दहा मिनिटांत नळी भरली, अण्णांच्या गड्याला दुसरी काठी धरायला लावली आणि दुपारच्या आत आखणी उरकली. जेसीबीनं दोन दिवसांत बांध घातला. फोटो चढवले. काम पूर्ण. माझी मलाच शाबासकी वाटली.

जुलैत तीन दिवस पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना साहेबांचा फोन आला. नुकतंच दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरात पडून राहायला सांगितलं होतं आणि पडून पडून त्यांच्या डोक्यात आमचे सगळे बांध फिरत होते.

"अण्णांच्या बांधाला बुडबुडा काढलासा न्हवं?"

"हो साहेब," मी म्हणाले. बोलून गेल्यावर विचार केला. पिठाच्या हातांनी तशीच उभी राहून मी ती नळी डोळ्यांपुढे आणायला लागले. मी तिच्याकडे नीट बघितल्याचं काही केल्या आठवेना. तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी रेनकोट घातला आणि गाडी काढली.

बांधावर पोचले तर अण्णांच्या रानात लाल पाणी तुडुंब. पूर्वेच्या टोकाला, सांडव्याजवळ, बांधाचा माथा पाण्याच्या हातभर वर होता. मला हायसं वाटलं. मग मी पश्चिमेकडे चालायला लागले, आणि जसजशी पुढे गेले तसतसं पाणी वर वर येत गेलं. शेवटच्या कोपऱ्यात बांधाचा माथा पाण्याच्या जेमतेम चार बोटं वर होता. प्रत्येक टप्प्याला बोटभर चूक साठत साठत माझा सरळ बांध पश्चिमेला हातभर कलला होता. पाणी सांडव्यापर्यंत पोचणारच नव्हतं. ते इथून फुटणार होतं आणि बरोबर खाली आक्काचं घर होतं.

"किती ऱ्हायलंय?" मागून आवाज आला.

साहेब. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावरून डोळ्यापर्यंत दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी ओढून हनुवटीखाली बांधलेली, वर छत्री. एसटी नाक्यावर सोडून गेली होती आणि तिथून हा माणूस चिखलातून चालत आला होता.

"साहेब, मी फोनवर खोटं बोलले. बुडबुडा बघितला नव्हता."

त्यांनी वाकून बोटं लावून पाणी मोजलं. मी ओरडले, "वाकू नका, डोळा!" ते सरळ झाले. "माजं ऱ्हाऊ द्या. आक्काला सांगा जावा."

"मी?"

"शब्द कुणी दिलता?"

त्या दहा पावलांइतकी लांब वाट मी पुन्हा चालले नाही. आक्का दारात उभी होती. मी सांगून टाकलं. माझी चूक झाली, बांध कलला, पाणी तुमच्या अंगावर येऊ शकतं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग आता?"

साहेब पुढे झाले. "हितं आमीच बांध थोडा कापतो आणि पाणी वाटेला लावतो. पर तुमचा भुईमूग जाईल, आक्का. तुमी व्हय म्हटलासा तरच."

"भुईमुगातनं कशाला?" आक्का म्हणाली. "जुनी चारी हाय की."

"कुठली चारी?" आम्ही दोघं एकदमच बोललो.

"ही काय, घराच्या वरच्या अंगानं. सासऱ्यानं काढल्याली. वरच्या रानाचं पाणी कायम हितनंच वड्याला जायाचं. रस्त्याचं काम झालं तवा तिच्यात माती ढकलली, मग गवात माजलं. मी सांगत हुतो, तर मॅडम फोटू काढत हुत्या." मग ती साहेबांकडे वळली. "आनी तुमी मालकास्नी इचारलासा. ते पाळीवर जात्यात. रान मी करतो."

तीस वर्षं गावोगाव जाऊन ज्या साहेबांनी पाण्याची वाट विचारली, त्यांनी ती सातबाऱ्यावरच्या नावाला विचारली होती. ती वाट जिला ठाऊक होती ती त्या दिवशी वीस पावलांवर धसकटं वेचत होती. त्यांनी छत्री मिटली आणि भर पावसात तिच्यापुढे हात जोडले. "चुकलं आक्का. मॅडमचंबी आनी माजंबी. दावा वाट."

आक्कानं ओट्याखालून दोन खोरी काढली. एक तिनं घेतलं, एक मला दिलं. आम्ही गवत तासायला लागलो तेवढ्यात अण्णा बांधावर आले. "कोन माझ्या बांधाला हात लावतंय? आनी ह्यो पिशवी घातल्याला कोन?"

"बांध फुटला तर तुमची निम्मी माती माझ्या घरात येईल, अण्णा," आक्का त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. "बडबडत बसू नगा, गडी लावा!"

अण्णांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा तिच्या घराकडे. धोतर खोचलं आणि गड्याला हाक मारत स्वतःच खाली उतरले. मग आम्ही चौघं आणि वरून हुकूम सोडणारे साहेब. त्यांनी आम्हाला चारी ओढ्याकडून वर अशी उकरायला लावली. खालची वाट मोकळी, मग मधली, मग वरची. पाण्यावर बांध चार बोटांचा तीन बोटं उरला, मग दोन. माझा धीर सुटला. "साहेब, फोडा आता! काय बघताय?"

"खालची वाट झाल्याबिगर वरचं दार उघडायचं न्हाय," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

चारी बांधाच्या पायथ्याशी भिडली. अण्णांच्या गड्यानं खताच्या पोत्यांत माती भरून दोन्ही बाजूंना रचली, तळाला दगड बसवले. मग साहेबांनी आक्काला खूण केली. "तुमीच कापा. वीतभरच." तिनं खोऱ्यानं माथा कापला. पाणी क्षणभर थबकलं, मग खाली उतरलं. वळणावर ते काठाला चढलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते वळण घेऊन गवतातून सरळ ओढ्याकडे निघालं होतं, जणू रोजचीच वाट. अर्ध्या तासात पाण्यावर बांध पुन्हा चार बोटं दिसायला लागला. मग पाच. मग वीत.

मी मटकन चिखलात बसले आणि रडले. "रडतासा कशाला मॅडम, गेलं की!" अण्णा माझ्या कानाशी ओरडले. मग तेही हसायला लागले, त्यांचा गडीही.

पुढे त्याची चौकशी झाली. साहेबांनी आणि मी, दोघांनी आपापली चूक लिहून दिली. आराखडा दुरुस्त झाला, सांडवा पक्का बांधून पश्चिमेला, जुन्या चारीच्या तोंडाशी नेला, आणि त्या कागदावर मालकाच्या सहीखाली रत्नाआक्काची सही आहे. तसा रकाना त्या अर्जात नाही, साहेबांनी पट्टीनं आखून केला. निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक गावात दोघांना विचारत राहिले, नाव कुणाचं आणि रान कोण करतं. मीही तेच करते. हाताखालची पोरं माझ्यावर वैतागतात. घरी जाऊन माझ्या नकलाही करत असतील.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच. पाऊस उणावल्यावर आक्कानं आम्हाला घरात बोलावलं. आत गेले आणि बघतच राहिले. जमिनीवर काहीही नव्हतं. ज्वारीचं पोतं, अंथरुणं, बाबासाहेबांची तसबीर, भरतीची तयारी करणाऱ्या लेकीची पुस्तकं, सगळं माळ्यावर. पाऊस लागल्यापासून, म्हणजे तीन दिवस, ती माझ्या शब्दाच्या भरवशावर नव्हतीच. ती शिडीवर चढली आणि एकेक वस्तू खाली द्यायला लागली. लेकीची पुस्तकं माझ्या हातात आली तेव्हा मी कुठं ठेवू म्हणून खाट शोधायला लागले.

"खालीच ठेवा की, भुईवर," आक्का वरून म्हणाली.

साहेब दारातच घुटमळत होते, पायांना चिखल होता म्हणून. "येवा की आत," ती म्हणाली. ते आले. डोक्यावरची पिशवी काढून त्यांनी खिशात कोंबली आणि पुस्तकांच्या शेजारी खालीच बसले. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं त्यांनी तळहात भुईवर टेकवला, थोडा सरकवला, पुन्हा टेकवला. बराच वेळ उचलला नाही.

"कोरडी हाय," ते म्हणाले.